घडीखालची ओळ

दादाच्या छापखान्यात मला सगळे कात्री म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण छापखाना एवढासा की पाठीमागे बोललेलं समोरच ऐकू येतं. आम्ही खाण्याच्या वस्तूंची पाकिटं छापून देतो, ज्याला जशी हवीत तशी. गिऱ्हाईक येतं ते मोठमोठे शब्द घेऊनच येतं. शंभर टक्के शुद्ध. पूर्ण नैसर्गिक. हाडं बळकट, बुद्धी तल्लख. एका मधवाल्याला ‘आयुष्य वाढवणारा’ असं छापून हवं होतं. कुणाचं वाढलेलं दाखवता येईल का, असं मी विचारलं. म्हणाला, माझ्या आजोबांचं. मग त्यांना घेऊन या की. तर म्हणे, ते गेल्या वर्षीच गेले. मी तो शब्द कापला आणि मधवाला दुसऱ्या छापखान्यात गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मशीन त्याचं, गिऱ्हाइकं त्याची, आणि छापायला जायच्या आधी अक्षर न् अक्षर बघायचं काम माझं. नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. आत जे आहे ते बाहेर लिहायचं, आत जे नाही ते बाहेर लिहायचं नाही, आणि ज्याने कुणाच्या जिवाला अपाय होईल ते ठळक लिहायचं आणि कशानेही झाकायचं नाही. अक्षर केवढं, चित्र कुठलं, डॉक्टरचा हवाला द्यायचा नाही, दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, हे बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं. मला हे काम आवडतं. लोकांना बढाई मारताना पकडायला मिळतं आणि वर त्याचा पगारही मिळतो.

बेकरीवाल्या काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. साठी उलटली तरी पहाटे भट्टीपुढे उभ्या असतात. त्यांची बिस्किटं खरंच चांगली, त्यामुळे त्यांना मोठ्या शब्दांची गरज नाही, हे त्यांना सोडून सगळ्यांना कळतं. मध्यंतरी त्यांनी शेंगदाण्याची बिस्किटं काढायचं ठरवलं, तीही त्याच मशीनवर जिच्यावर गव्हाची साधी बिस्किटं होतात. मी म्हटलं, “काकू, मग आता गव्हाच्या पाकिटावरही एक ओळ घालावी लागेल. शेंगदाण्याचा अंश असू शकतो, अशी.”

“गव्हाच्या बिस्किटात मी शेंगदाणा घालत नाही.”

“घालत नाही हो. पण मशीन तेच.”

“मशीन धुते मी. तू तुझ्या घरची भांडी घासत नसशील इतकं घासते.”

“तरी एखादा कण राहतो. ज्याला चालत नाही त्याला कणही पुरतो.”

हे मी ऐकीव बोलत नव्हते. आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या घरी कसलासा रस्सा यांनी नुसता बोटावर घेऊन चाटला. ओठ सुजले, घसा आवळत गेला, शब्द फुटेना. दवाखाना गल्लीतच होता म्हणून वाचले. तेव्हापासून आमच्या घरात शेंगदाणा येत नाही, आणि ही गोष्ट घराबाहेर जात नाही. हे लांब पल्ल्याची बस चालवतात. डेपोत कळलं तर हातातलं चाक काढून घेतील, ही यांची भीती. दरवर्षी तिथे डोळे तपासतात, कान तपासतात, गुडघे वाकवून बघतात. घशाचं कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायचं नाही हा यांचा नियम. डॉक्टरांनी जवळ बाळगायला दिलेलं इंजेक्शनसुद्धा घरच्या कपाटात, कारण पिशवीत कुणी पाहिलं तर विचारेल. मी भांडले, रडले, आणि मग मीही गप्प बसले.

तर काकूंनी ओळ मान्य केली, पण जागा द्यायला तयार होईनात. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांच्या सासऱ्यांनी एका पत्र्याच्या डब्यावर बेकरी कशी सुरू केली याची गोष्ट आहे. तिच्यातला एक शब्द कमी करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. सासरे होते तेव्हा दोघांचा छत्तीसचा आकडा, पण आता गोष्टीतून त्यांना हलवायची काकूंची छाती नव्हती. शेवटी मी ती ओळ वर नेली. घटकांच्या यादीच्याही वर, चौकटीत, जाड अक्षरात. प्रूफ हातात घेतलं की आधी तीच दिसायची. काकूंनी सही केली, दादाने सही केली, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की ते प्रूफ मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावून ठेवलं. जुनी पाकिटं संपल्याशिवाय शेंगदाण्याला हात लावायचा नाही, असा काकूंना दमही दिला.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी मी यांची पिशवी भरत होते. काकूंनी दादाबरोबर गव्हाच्या बिस्किटांची पाकिटं पाठवली होती, ती फडताळात होती. त्यातलं एक काढलं आणि सवयीने उलटं केलं. वर घडी, घडीवर एक गोल कागदी टिकली, आणि तिच्या खाली थेट घटकांची यादी. चौकट नाही, ओळ नाही. म्हणजे जुनं पाकीट, शेंगदाण्याच्या आधीचं. तारखेकडे बघावं असंही मला वाटलं नाही. ओळ दिसली नाही आणि माझं समाधान झालं.

“बघितलंस ना?” यांनी बूट घालता घालता विचारलं.

“बघितलं,” मी म्हटलं, आणि पाकीट पिशवीत टाकलं.

यांना वळणावळणाचा रस्ता लागला की तोंडात काहीतरी लागतं. चाकावर एक हात आणि पाकिटात दुसरा, असं सुरू असतं. मी ओरडते, पण मी काही त्या बसमध्ये नसते.

दुपारी काकू छापखान्यात आल्या, त्या नव्या स्टिकरचं खूळ डोक्यात घेऊन. पाकिटावर लावायला गोल स्टिकर हवा, त्यावर लिहायचं, ‘डॉक्टरही हीच खातात’.

“कुठले डॉक्टर?” मी विचारलं.

“आमच्या समोरचे. रोज एक पाकीट नेतात.”

“काकू, ते दातांचे डॉक्टर आहेत.”

“मग? दातांनीच खातात ना माणसं?”

दादा खो खो हसला. मीही हसले. कात्री चालवायची ती चालवणारच होते, पण काकूंशी वाद घालण्यात मजा असते. त्या म्हणाल्या, थांब, कुठे लावायचाय ते तुला दाखवते, आणि त्यांनी पिशवीतून एक भरलेलं पाकीट काढून माझ्या टेबलावर उभं केलं. मग म्हणाल्या, आधी खा तरी, आणि टिकली उचकटली. घडी एकदा उलगडली. पुन्हा एकदा उलगडली. आणि त्या दुसऱ्या घडीतून माझी चौकट बाहेर आली. शेंगदाण्याचा अंश असू शकतो.

मी हातातला चहा खाली ठेवला. “काकू, ही घडी कसली?”

“बिस्किटं अर्ध्यावरच येतात ना. वरचा कागद नुसता डुलतो, दुकानात पाकीट लोळतं. म्हणून सील केलं की दोनदा दुमडून टिकली लावते. छान दिसतं की नाही?”

कामाच्या टेबलावर आम्ही छापखान्यातली माणसं पाकीट भरलेलं कधी बघतच नाही. आमच्याकडे ते चपटं येतं, चपटं जातं. चपट्यावर फूटपट्टी लावायची, चपट्यावर सही करायची. सीलसाठी वर किती जागा सोडायची ते मला झोपेतही सांगता येईल. घरी घडी बघूनही, तिच्यात छापलेलं काही जात असेल, हे मात्र इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ज्या जागेचा मला एवढा अभिमान होता तीच नेमकी घडीत जात होती.

“जुनी पाकिटं कधी संपली?” मी विचारलं.

“कधीच संपली. शेंगदाण्याला हात लावायच्या आधीच. तूच तर दम दिला होतास, पोरी.”

“दादाबरोबर आमच्याकडे पाठवलीत ती?”

“ती तर आत्ताची. ताजी.”

सकाळचं पाकीट डोळ्यांपुढे आलं, ती घडी, ती टिकली, आणि खाली स्वच्छ दिसणारी यादी. मी बघितलं नव्हतं असं नाही. मी नीट बघितलं होतं, आणि बघूनच ते पिशवीत टाकलं होतं.

नेमकं काय झालं ते दादाला अजून कळलं नव्हतं. त्याला फक्त चौकट दिसली आणि घडी दिसली. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “घाबरू नकोस. प्रूफवर सही त्यांची आहे. दुमडायचं त्यांनी ठरवलं. आपल्यावर काही येत नाही.”

“सही घाल चुलीत,” मी म्हटलं. “यांच्या पिशवीत ते पाकीट आहे.”

दादाचा चेहरा उतरला. यांचं त्याला माहीत होतं. तो मित्र आणि डॉक्टर सोडले तर घराबाहेर माहीत असलेला तो एकटाच.

मी फोन लावला. बंद. बस चालवताना फोन बंद ठेवायचा हा डेपोचा नियम, आणि हे नियमाचे पक्के. कंडक्टरचा नंबर माझ्याकडे होता. घंटी वाजत राहिली, मग तीही थांबली आणि एक बाई शांत आवाजात सांगू लागली की संपर्क होऊ शकत नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता तरी मी ओरडले.

मनात चित्रं येऊ लागली. घाटातलं वळण, चाकावरचा एक हात, पाकिटातला दुसरा. कण असेल किंवा नसेल. पाकिटावर ‘असू शकतो’ असं मीच लिहिलेलं. दहा पाकिटांत नसेल, अकराव्यात असेल, आणि अकरावं कुठलं ते काकूंनासुद्धा सांगता येणार नाही. आणि मग ओठ. मग घसा. मागे चाळीस माणसं, कुणी डुलक्या काढतंय, कुणी खिडकीतून बाहेर बघतंय. इंजेक्शन आमच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे.

“डेपोला लाव,” दादा म्हणाला.

डेपोचा नंबर मला तोंडपाठ. तरी फोन हातात धरून मी क्षणभर तशीच उभी राहिले, आणि का, ते सांगते. डेपोला फोन करायचा म्हणजे कारण सांगायला लागणार. कारण सांगितलं की यांनी इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते मी एका वाक्यात बाहेर काढणार. न सांगता काम झालं तर बरं, असं मला वाटलं. हो, वाटलं. नवरा घाटात, आणि मी वाक्यं जुळवत होते.

डेपोच्या कंट्रोल रूममध्ये एक बाबा होते, आवाजावरून निवृत्तीला टेकलेले. मी यांचं नाव सांगितलं, गाडी सांगितली, म्हटलं, तातडीचा निरोप आहे, गाडी थांबवून यांना फोन करायला सांगा.

“काय निरोप आहे?”

“घरचं आहे.”

“घरी कुणी सिरीयस?”

“नाही. म्हणजे, तसं नाही.”

“मग बाई, गाडी शेवटच्या स्टॉपला पोचली की करतील ते फोन. घरच्या कामासाठी चालती गाडी थांबवली तर उद्या प्रत्येकाची बायको भाजी काय करू ते विचारायला थांबवेल.”

शिवी ओठांवर आली, ती मी आवरली. समोर दादा. त्याच्यामागे काकू, त्यांना काही न सांगताही काहीतरी भयंकर झालंय हे कळलेलं, पदराचं टोक मुठीत. मी डोळे मिटले आणि बोलले.

“ऐका. तुमच्या ड्रायव्हरला शेंगदाणा चालत नाही. खाल्ला तर घसा बंद होतो, मागे एकदा मरता मरता वाचलेत. आज त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याचा अंश असलेली बिस्किटं गेलीत, मीच दिली. ते चाकावर बसून खातात. इंजेक्शन त्यांच्याजवळ नाही. मागे चाळीस माणसं आहेत.”

मग बाबा वेगळ्याच आवाजात म्हणाले, “हे आम्हाला का माहीत नाही?”

“नंतर विचारा. आधी गाडी थांबवा.”

“लाइन सोडा,” ते म्हणाले. “घाटाच्या तोंडाशी आपला चेकर असतो. त्याला सांगतो.”

मग वाट बघायची. मशीन कुणीतरी बंद केलं होतं, आणि ते बंद झाल्यावर छापखान्यात इतकी शांतता असते हे मला नव्यानेच कळलं. काकू माझ्याजवळ आल्या. त्यांना आता दादाने सगळं सांगितलं होतं.

“अगं, नुसता कण तो. मी घासते गं मशीन. इतक्या लोकांनी खाल्ली, कुणाला काही झालं का?”

“कुणाला म्हणजे कुणाला, काकू? तुम्हाला काय माहीत कुणाला काय झालं?”

“माझी बिस्किटं खाऊन—”

“तुमची बिस्किटं आणि माझी ओळ! दोघींनी मिळून केलंय हे. आता दुकानांना फोन करा. एकूण एक पाकीट मांडणीवरून खाली उतरवा म्हणावं. लोकांनी नेलीत त्यांना दुकानदारांनी सांगावं, वरची घडी उघडून वाचा.”

“बोभाटा होईल गं,” काकू म्हणाल्या. “दुकानदार पुन्हा माल ठेवणार नाहीत. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं नाव आहे.”

दादा म्हणाला, जावईबापूंची खबर येऊ दे, मग बघू, एकदम गोंधळ नको. त्याला वाटलं तो माझ्या बाजूने बोलतोय. माझा संताप झाला. मी म्हटलं, “खबर चांगली आली तर काय करायचं? गप्प बसायचं? यांच्यासारखा दुसरा कुणी असेल त्याची बायको छापखान्यात नसेल, दादा.” एवढं बोलून मला रडू फुटलं, आणि रडताना मी फोनवर हात दाबून धरला होता, जणू माझ्या रडण्याने तो वाजायचा राहील.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचं ते उघडं पाकीट उचललं, चौकट वाचली, स्वतःशीच ओठ हलवत, जणू पहिल्यांदाच वाचतायत. “बाबांनो, माझा चष्मा कुठाय,” असं म्हणत त्या दादाच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पहिल्या दुकानाचा नंबर लावला. “मी बेकरीतून बोलतेय. गव्हाची पाकिटं खाली काढा. नाही, खराब नाहीत. नाही हो, खराब नाहीत, ऐकून तर घ्या.” त्या दुकानामागून दुकान लावत गेल्या. प्रत्येक वेळी ‘खराब नाहीत’ म्हणताना त्यांचा आवाज आणखी बसत होता.

माझा फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून.

“काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?” यांचा आवाज. स्वच्छ, धडधाकट, घाबरलेला.

“बिस्किटं खाल्लीत का?”

“काय?”

“बिस्किटं! पाकिटातली! खाल्लीत का?”

“नाही. पिशवीतच आहे पाकीट. आज उशीर झाला होता, चहालाही थांबलो नाही. का?”

मी कागदाच्या रिळावर बसले. देवा, देवा, एवढंच म्हणत राहिले. हे म्हणत होते, अगं काय झालं, बोल तरी. मी सांगितलं. घडी, चौकट, सगळं उलटसुलट. यांनी ऐकून घेतलं. सुटकेचा एक मोठा श्वास मला ऐकू आला.

“चेकरला कसं कळलं?” यांनी विचारलं.

“मी डेपोला सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“सगळं.”

“सगळं?”

“दुसरा मार्ग नव्हता. ते गाडी थांबवायला तयार नव्हते.”

पलीकडे थांबलेल्या बसचं इंजिन सुरूच असल्याचा आवाज येत होता, माणसांची कुजबुज, कुणीतरी ‘किती वेळ अजून’ असं विचारत होतं. हे म्हणाले, “चेकर म्हणतोय, खाली उतरा. दुसरा ड्रायव्हर येतोय.” मग फोन बंद झाला.

दादाने माझ्या पाठीवर हात ठेवला. वाचले ना, तो म्हणाला, वाचले ना, बास. काकू फोनवरच होत्या. त्यांनी मला बघून खुणेने विचारलं, मी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. पण त्या थांबल्या नाहीत. उरलेल्या दुकानांचे फोन करून मगच उठल्या. जाताना त्यांनी स्टिकरचा विषय काढला नाही. दारात वळून म्हणाल्या, “सासऱ्यांची गोष्ट काढून टाक. तिथे ओळ घे.” मी म्हटलं, गोष्ट राहू दे, अर्धी करू. त्या म्हणाल्या, तू करशील तसं.

संध्याकाळी हे घरी आले ते रोजच्यासारखे पिशवी खांद्याला लावून, पण रोजच्या वेळेच्या आधी. परतीच्या बसने आले होते, प्रवासी म्हणून. मी दार उघडलं आणि यांच्या दंडाला धरलं, घट्ट. यांनी सोडवून घेतलं नाही आणि जवळही घेतलं नाही. आत येऊन खुर्चीत बसले.

“ड्रायव्हरच्या मागची सीट दिली मला,” म्हणाले. “पोरगा चांगली चालवतो. तरी दर वळणाला माझा पाय ब्रेक शोधत होता.”

मी पाणी दिलं. यांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. टिकली तशीच होती, घडी तशीच. बिस्कीट तर सोडाच, कागदाला सुरकुतीसुद्धा नव्हती.

“काय म्हणाले डेपोत?” मी विचारलं.

“मोठ्या दवाखान्यात तपासणी. तोवर चाकावर बसायचं नाही. आणि इतकी वर्षं लपवलं का, त्याची चौकशी वेगळी.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? कुणी विचारलं नाही म्हणालो. तर ते कंट्रोलवाले बाबा म्हणाले, गाडीत बसणाऱ्यांनी विचारायचं होतं का?” यांनी रिकामा पेला खाली ठेवला. “बोलायला जागाच ठेवली नाही त्यांनी.”

मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, आणि मग दोघंही मोकळे झालो असतो. आमचं तसंच असतं. पण हे शांतच होते.

“रोज लोकांचे शब्द कापतेस,” शेवटी म्हणाले. “आज एक तुझाच गिळला असतास, तर काय बिघडलं असतं? मी खाल्लंच नव्हतं.”

“मला काय माहीत तुम्ही खाल्लं नाही?”

“हो. ते आहेच.”

“पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन,” मी म्हटलं. आवाज चढला होता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे चढलेल्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. “तुम्ही माझ्यावर चिडा. आयुष्यभर चिडा. तेवढं आयुष्य असलं म्हणजे झालं.”

यांनी पुढे वाकून ते पाकीट माझ्याकडे सरकवलं, हे घेऊन जा इथून, अशा अर्थाने. मी ते उचलून पिशवीत बांधलं, उद्या काकूंना परत द्यायला. स्वयंपाक झाला, जेवणं झाली. भाजी चांगली झालीये असं हे म्हणाले. रोज म्हणत नाहीत.

आवरता आवरता मी बाथरूममध्ये गेले तर खुंटीवर यांचा डेपोचा शर्ट. घामाचा, कॉलरला धुळीची रेघ. रोज आल्यावर मी तो आधी धुऊन टाकते, कारण एक अंगावर आणि एक दोरीवर, असे दोनच आहेत, आणि सकाळी वाळलेला लागतो. मी नळ सोडला, बादली भरली, आणि शर्ट हातात घेऊन तशीच थांबले. मग दारात आले. हे खुर्चीतच होते, पाय सरळ ताणलेले, उजवा जरा पुढे.

“शर्ट धुऊ का?” मी विचारलं.

यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या शर्टाकडे बघितलं.

“धू,” म्हणाले. “पण आता घाई नाही.”